सातशे बाराव्या ओळीनंतर

सोमवार, ७ ऑगस्ट

ती. ताईस,

सप्रेम नमस्कार. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू आधी घाबरशील, म्हणून पहिल्यांदाच सांगून टाकतो: कोणी गेलेलं नाही, कोणी आजारी नाही. आम्ही दोघं बरी आहोत. हिचा उजवा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, पण गुडघ्यापेक्षा ही जास्त कुरकुरते. माझं काम चालू आहे. दातांचे डॉक्टर आता बऱ्याचशा कवळ्या यंत्रावर करून घेतात, तरी दोन जुने डॉक्टर अजून ठसे माझ्याकडेच पाठवतात. बाबांचं टेबल, बाबांचा बर्नर, मेण कोरायच्या त्यांच्या सुऱ्या, सगळं होतं तिथेच आहे. तू निवृत्त झालीस असं कळलं. तब्येत कशी आहे?

अकरा वर्षांनी लिहितोय. हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर तू मला एकच प्रश्न विचारला होतास, "बाबांनी शेवटी माझं नाव काढलं का?" मी "नाही" म्हणालो. तू पर्स उचललीस आणि गेलीस, ती गेलीसच. त्यानंतर ना फोन, ना चिठ्ठी. त्याबद्दल मला आज काहीच लिहायचं नाहीये. मला एका कवितेबद्दल विचारायचंय.

हस, खुशाल हस. बाबा ज्यांना "मेलेल्या इंग्रजांची गाणी" म्हणायचे, ज्यांच्यापायी तू वर्कशॉप आणि घर दोन्ही सोडलंस, त्यातलंच एक मी गेलं दीड वर्ष वाचतोय. आणि माझं डोकं पिकलंय.

आमच्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांमध्ये, दर शनिवारी सकाळी नऊ जण जमतात. तुझे जुने सर हे मंडळ चालवतात. त्यांनी सहाशे वर्षांपूर्वीचं एक कथाकाव्य काढलंय, कवीचं नाव कोणालाच माहीत नाही, उरलेल्या एकुलत्या एका हस्तलिखितावरून छापलेलं. पद्धत अशी: सरांकडे त्याची एकच बांधलेली झेरॉक्स आहे. ज्याची पाळी असेल त्याने ती घरी न्यायची, मागच्या शब्दार्थांवरून पन्नास ओळींचं साधं मराठी करायचं आणि नऊ प्रती काढून आणायच्या. इतरांनी पुढचं बघायचं नाही, हा सरांचा कडक नियम. मूळ ओळी मात्र मोठ्याने वाचायच्या, एकाच अक्षराने सुरू होणारे तीन-तीन शब्द जिथे येतात तिथे टेबलावर बोटांनी ठोके देत. खालच्या मजल्यावरच्या ग्रंथपालबाई दोनदा वर येऊन ओरडून गेल्या आहेत.

गोष्ट तुला ठाऊक असेलच. म्हातारा सरदार अंथरुणाला खिळलेला. त्याची मुलगी नदीपलीकडे, शत्रूच्या घरात, त्याच्या मनाविरुद्ध लग्न करून गेलेली. सरदार मरायला टेकतो तेव्हा कारभाऱ्याला बोलावतो, बोटातली अंगठी काढून देतो आणि म्हणतो, जा, तिला घेऊन ये. कारभारी निघतो.

माझ्या पाळीला त्याच्या पुढचा भाग आला. त्यात कारभारी तिच्या दारापर्यंत जातो. खिडकीतून आत बघतो. ती चार बायकांना काहीतरी वाचून दाखवत असते, हसत असते, मजेत असते. हा तसाच वळतो. अंगठी खिशात ठेवून परत येतो आणि सरदाराला सांगतो, ती येत नाही म्हणाली.

झालं! या भागावर तीन शनिवार वाद चाललाय आणि प्रत्येक शनिवारी मी तणतणत घरी येतोय. पोस्टमास्तर (निवृत्त आहेत, पण अजून शर्टाच्या खिशात दोन पेनं) टेबलावर मूठ आपटून म्हणतात, "निरोप दाबणाऱ्याला फाशीच द्यायला हवी. पस्तीस वर्षांत माझ्या हातून एक साधं कार्ड हरवलं नाही!" आमच्या मंडळात एक मेट्रनबाई आहेत, हॉस्पिटलात जन्म गेला त्यांचा. त्या म्हणतात, "थकला असेल हो बिचारा. सरदाराचं हगणंमुतणं कोण काढत होतं एवढे दिवस? तोच ना?" मग बाकीचे निम्मे इकडे, निम्मे तिकडे. सरांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, ते पट्टी लावून घरी पडलेत, त्यामुळे आवरायला कोणी नाही. सगळे मला विचारतात, "तुम्ही अनुवाद केलाय, तुम्ही सांगा." मी काय सांगणार, डोंबल?

माफी देणारे इतक्या पटकन देतात की मला संताप येतो. फाशी देणाऱ्यांचाही येतो. म्हणून तुला विचारतो. तू जन्मभर हेच शिकवलंस. असल्या माणसाचं काय करायचं? त्याला क्षमा असते का, त्या काळच्या समजुतीप्रमाणे?

उत्तर दे. कवितेपुरतं दिलंस तरी चालेल.

तुझा धाकटा


गुरुवार, २४ ऑगस्ट

ती. ताईस,

नमस्कार. तुझं कार्ड परवा मिळालं.

अकरा वर्षांनी तीन ओळी! "तू सांगतोस तसा प्रसंग त्या काव्यात नाही. सातशे बाराव्या ओळीनंतर हस्तलिखिताचं एक पान हरवलेलं आहे. कुठली प्रत वाचतोस?" खाली सहीसुद्धा नाही. कसा आहेस नाही, ही कशी आहे नाही, बाबांचं टेबल नाही. अगं, मी काय परीक्षेचा पेपर पाठवला होता का तुला? कार्ड हातात घेऊन मी इतक्या जोरात खुर्ची सरकवली की ही स्वयंपाकघरातून धावत आली. तिला वाटलं, वीज-बिल वाढून आलं.

मी चिडलो, कारण तू बरोबर आहेस.

तिथे पान नाहीये. झेरॉक्समध्ये सातशे बारावी ओळ संपते, "नदीवर धुकं होतं आणि त्याने घोडा थांबवला," आणि मग बारीक अक्षरात टीप: इथे एक पान गहाळ, अंदाजे साठ ओळी. पुढच्या पानावर कारभारी परत आलेला आहे. मध्ये काय झालं ते सहाशे वर्षं कोणाला माहीत नाही.

ते मी लिहिलं. घे, आता तरी समाधान झालं?

हे मुद्दाम ठरवून केलेलं नाही. दुपारी वर्कशॉपमध्ये ठसे भरून ठेवले होते, प्लास्टर घट्ट व्हायला पाऊण तास लागतो हे तुला माहीत आहे, तेवढ्या वेळात मी रोज चार ओळी करायचो. त्या दिवशी टीप आली. मी टीप उतरवायला पेन टेकवलं आणि हात थांबेनाच. धुकं विरलं, घोडा पाण्यात उतरला, पलीकडे गेला, घर दिसलं, खिडकी दिसली. भराभर येत गेलं. प्लास्टर दगड झालं तरी मी लिहितच होतो. मग त्याच तिरमिरीत झेरॉक्सच्या दुकानात जाऊन नऊ प्रती काढल्या आणि शनिवारी वाटल्या.

एकालाही संशय आला नाही; सर नव्हते, म्हणून मूळ ओळी वाचायचं राहूनच गेलं होतं. पोस्टमास्तर म्हणाले, "अख्ख्या काव्यातला सर्वांत जिवंत भाग हाच!" एक जण तर म्हणाले, सहाशे वर्षांपूर्वीचे लोक माणसाला कसं ओळखून होते बघा. मी मान डोलावली. सगळ्यांना शेंडी लावून बसलो होतो आणि मजा काही येत नव्हती. पहिल्याच शनिवारी सांगून टाकायला हवं होतं. पण वाद पेटला होता, आणि खरं सांगू का? मला ऐकायचं होतं. त्या कारभाऱ्याबद्दल लोक काय बोलतात ते, माझ्याकडे न बघता.

आता खरी पंचाईत पुढे आहे. सरांची पट्टी सुटली. गेल्या शनिवारी ते काळा चष्मा लावून आले, म्हणाले, मला सगळं वाचून दाखवा. मेट्रनबाईंनी माझं पान वाचलं. सर डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "सुरेख आहे. पण ही मुलगी वाचते कशी? दोनशे ओळींपूर्वी हिला बापाचं पत्र आलं होतं, तेव्हा तिने ते मठातल्या माणसाकडून वाचून घेतलं. कवीने तिला निरक्षर ठेवलीय."

मी कपाळाला हात लावला. दीड वर्ष वाचतोय आणि तेवढंही लक्षात ठेवलं नाही! माझ्या डोळ्यांसमोर जी होती ती वाचत होती, म्हणून मी वाचणारी लिहिली.

आणि गंमत बघ, मला वाचवायला मंडळच धावलं. पोस्टमास्तर म्हणाले, "सासरी जाऊन शिकली असेल. हुशार होती." दुसरे म्हणाले, "पाठ असेल तिला, नुसतं पुस्तक हातात धरलं असेल." अर्धा तास! चांगली शिकली-सवरलेली माणसं माझी चूक निस्तरत होती आणि मी माझ्या प्रतीचे कोपरे दुमडत होतो. सर काळ्या चष्म्यातून कुठे बघत होते देव जाणे. जाताना एवढंच म्हणाले, डॉक्टर वाचू देतील तेव्हा झेरॉक्स माझ्याकडे द्या, आणि अनुवादाची पुस्तिका छापायचं ठरलंच आहे तर प्रस्तावनेला तुमच्या बहिणीला विचारू. म्हणजे ते पान तुझ्यापर्यंत पोचणार. माझ्याकडून नाही पोचलं तर त्यांच्याकडून.

तू विचारशील, मग तूच का पाठवत नाहीस? नाही पाठवत. जिवावर येतंय. त्यात एक-दोन गोष्टी अशा आहेत की त्या तू वाचू नयेस असं मला वाटतं. आणि तूच वाचाव्यास असंही वाटतं. मला धड काही कळत नाहीये, आणि माझं माझ्यावरच डोकं फिरलंय.

काम पडलंय. दोन कवळ्या उद्या द्यायच्यात आणि एकीचा चावा बसत नाहीये, वरचे-खालचे दात जुळत नाहीत.

धाकटा


रविवार, १० सप्टेंबर

ताई,

तुझं दुसरं कार्ड आलं. "पान पाठव." दोन शब्द. बाबांवर गेली आहेस तू, अगदी.

पान सोबत आहे, घडी घालून. पण आधी ते उघडू नकोस. आधी हे वाच. मी आजपर्यंत तुला कधी काही करू नकोस असं सांगितलेलं नाही, हे एवढं ऐक.

काल मंडळात सांगून टाकलं. सर झेरॉक्स उघडायच्या आत. म्हणालो, "सातशे बारानंतरचं पान कवीचं नाही. माझं आहे." मग पोस्टमास्तर तांबडेलाल झाले. "म्हणजे आम्ही दीड महिना तुमच्यावर वाद घालत होतो?" म्हणाले. त्यांनी स्वतःची प्रत उचलली, चार तुकडे केले, ते नीट खिशात ठेवले (खाली टाकायचे नाहीत, तिथेही शिस्त) आणि जिना उतरून गेले. मला वाटलं, सर तरी ओरडतील. ते म्हणाले, "मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. ते पान हरवलेलं आहे हे मी कसा विसरेन? मी वाट बघत होतो, तुम्ही कधी सांगता त्याची." अशा वेळी माणसाने दोन शिव्या घातल्या तर बरं वाटतं. समजूतदारपणाने अंगाचा तिळपापड होतो.

मग मेट्रनबाई. त्या खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "तो कारभारी कोण ते मी विचारत नाही. मी चाळीस वर्षं वॉर्डात काढली. माणसं शेवटी काय काय बोलतात, ते आम्ही नातेवाइकांना गाठून सांगायचो. नातेवाईक भांडलेले असोत, परगावचे असोत. ते बोलणं आपलं नसतं हो. आपल्याकडे ठेवायला दिलेलंही नसतं."

मी घरी आलो आणि हिला सगळं सांगितलं. तिलाही आजवर ठाऊक नव्हतं. तिने ऐकून घेतलं आणि उठून स्वयंपाकघरात गेली. मग ताट वाढता वाढता म्हणाली, "वन्संना तुम्ही लिहिताय, की मी लिहू?"

म्हणून लिहितोय. पायऱ्यांवर मी तुला खोटं सांगितलं.

बाबा साडेचार महिने अंथरुणावर होते. पहिले चार महिने घरीच. सकाळी त्यांना उठवून बसवायचं, पुसायचं, भांडं द्यायचं, भांडं धुवायचं, मग वर्कशॉप, मध्येच दोनदा आत जाऊन बघायचं. ही होती, पण बाबा तिला हात लावू द्यायचे नाहीत, संकोचायचे. मीच लागायचो. मी तक्रार करत नाही. करतोय खरं तर. तेव्हा केली नाही, म्हणून आता करतोय. चार महिन्यांत त्यांनी मला एकदा "जेवलास का" विचारलं असेल. माझ्या हातची कवळी बघून ते नेहमी एकच म्हणायचे, "ठीक आहे." आणि मग, "तिचा हात वेगळा होता." तिचा, म्हणजे तुझा! घर सोडून सव्वीस वर्षं झालेल्या मुलीचा हात!

हॉस्पिटलात नेल्यावर एका मंगळवारी सकाळी त्यांनी मला जवळ बोलावलं आणि तुझं नाव घेतलं. तुझं नाव, ताई. सव्वीस वर्षांत ते नाव त्यांच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं. फोन नको म्हणाले. फोनवर ती नाही म्हणेल, तू जा, समोर उभा राहा आणि तिला घेऊन ये. आणि एक निरोप दिला.

मी गेलो. हिला सांगितलं, दातांचं सामान आणायला जातोय. चार तास बसमध्ये बसून तुझ्या गावी आलो, विचारत विचारत कॉलेज शोधलं. शिपाई म्हणाला, बाई वर्गावर आहेत, दुसरा मजला, कोपऱ्यातली खोली. व्हरांड्याकडच्या खिडक्या उघड्या होत्या. मी खांबाच्या आड उभा राहिलो.

तू उभं राहून वाचत होतीस. पुस्तक डाव्या हातात, आणि उजवा पाय चपलेतून काढून डाव्या पावलावर ठेवलेला, लहानपणी वर्कशॉपच्या टेबलाशी उभी राहायचीस तशी. मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण तू मधूनमधून टेबलावर बोटांनी ठोके देत होतीस आणि पोरं आ वासून ऐकत होती. मग कोणीतरी काहीतरी विचारलं आणि तू हसलीस. इतकी मोकळी हसलीस. आमच्या घरात इतकं मोकळं कोणी कधी हसलं नव्हतं.

माझ्या शर्टाला हॉस्पिटलचा वास येत होता. मी तीन रात्री खुर्चीत काढल्या होत्या. मला वाटलं, ही मजेत आहे. ही सगळं सोडून गेली, आणि शेवटी बाबांना हीच हवी. मी चार महिने भांडी धुतली, ते सगळं फुकट, आणि ही आत पाऊल टाकेल आणि त्यांचा चेहरा उजळेल, आणि तो उजळलेला चेहरा मला बघावा लागेल. मला ते सहन होईना. दुसरं काही कारण नाही, ताई. नदीला पूर नव्हता, घोडा लंगडला नव्हता. मला तुझा मत्सर वाटला. मी जळलो.

तास संपल्याची घंटा झाली आणि मी जिना उतरलो. पुढच्या बसने परत आलो.

आणि याहून वाईट जे आहे, ते त्या पानात मी लिहून टाकलंय, पण इथे पुन्हा लिहितो, म्हणजे नंतर कवितेच्या आड लपलो असं व्हायला नको. बाबांना मी सांगितलं, "भेटली. येत नाही म्हणाली. वेळ नाही म्हणाली." बाबा म्हणाले, "बरं." आणि भिंतीकडे तोंड केलं. शुक्रवारी गेले. मधल्या दोन दिवसांत त्यांनी माझ्याकडून पाणी घेतलं, पण बोलले नाहीत. त्यांचा राग तुझ्यावर होता, माझ्यावर नाही, आणि मी तो तसाच राहू दिला. मग हिने कळवल्यावर तू धावत आलीस, पायऱ्यांवर मला गाठलंस आणि विचारलंस. "हो, काढलं नाव" म्हणालो असतो, तर पुढचं सगळं सांगावं लागलं असतं. म्हणून "नाही" म्हणालो. दोन अक्षरांत बाबाही तुला नाहीसे केले आणि तू आम्हाला.

मी त्या कवीवर चिडलोय, तुला सांगतो. छापलेल्या काव्यात पुढे काय आहे ते तुला माहीत आहे. सरदाराला पुरायच्या दिवशी मुलगी येते, कारभारी तिला अंगठी देतो, ती घेते आणि काही विचारत नाही. एक शब्द नाही! कशी विचारत नाही? सुटला लेकाचा. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक बंद करून फेकायच्या बेतात होतो. तू मला विचारलं होतंस. सरळ, तोंडावर, नाव काढलं का म्हणून. त्या मुलीपेक्षा तू धीट होतीस आणि मी त्या कारभाऱ्यापेक्षा भित्रा निघालो. त्याने निदान अंगठी तरी दिली.

मंडळात जायला लागलो ते कवितेच्या आवडीने नाही. तुझे सर ते चालवतात असं कळलं, म्हणून गेलो. वाटलं, तू जे वाचतेस ते थोडंफार वाचता आलं तर तुला लिहायला काहीतरी निमित्त सापडेल. पहिले सहा महिने मला काडीचं कळलं नाही. शब्दार्थ शोधून शोधून नाकी नऊ आले. मग हळूहळू कळायला लागलं, आणि आवडायलाही लागलं, हे मला तुला सांगायला लाज वाटते. बाबांना कधी सांगू शकलो नसतो.

सर म्हणतात, पुस्तिकेत पान जाईल की नाही ते तुम्ही ठरवा. गेलं तर तुमच्या नावाने जाईल. मला ते नको आहे. ते पान तुझं आहे. तू फाड, ठेव, सरांना परत पाठव, मी एक शब्द बोलणार नाही. क्षमा कर असं मी लिहीत नाही. दीड महिना त्याचा इतका कीस पाडलेला ऐकलाय की तो शब्दच नकोसा झालाय. तू रागावलीस तर रागाव. या वेळी राग माझ्यावर असू दे, जिथे तो अकरा वर्षांपूर्वीच असायला हवा होता. बाबांवर नको.

आता निरोप. मंगळवारी सकाळी, साडेनऊच्या सुमारास, खिडकीजवळच्या कॉटवर, त्यांनी मला दोनदा म्हणून दाखवायला लावला, मी विसरेन म्हणून. मी एक शब्दही विसरलेलो नाही. तो असा:

"तिला म्हणावं, तू ज्याच्यासाठी गेलीस ते घेऊन ये आणि मला एकदा वाचून दाखव. मला कळणार नाही. तरी वाच. मी ऐकेन."

एवढंच होतं. पोचवला.

तुझा भाऊ